बिनसांध्याच्या तळ्याचा सांधा

परसातलं कोई माशांचं तळं गळायला लागलं की मालक पहिले काही आठवडे उन्हाला दोष देतो. तो अगदीच चुकतो असं नाही. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ८ ते १० मिलिमीटर सहज उतरते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असं मध्यम तळं धरलं तर त्यात १८,००० लिटर पाणी मावतं, आणि १० मिलिमीटर म्हणजे रोजचे १२० लिटर नुसते हवेत जातात. धबधबा असेल तर आणखी. म्हणून आधी बादलीचा प्रयोग करावा. बादली तळ्याच्या पायरीवर पाण्यात ठेवायची, तिच्यात तळ्याच्या पातळीएवढंच पाणी भरायचं, बादलीवर आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची. धबधबा बंद ठेवायचा, हवेचा पंप मात्र चालू ठेवायचा, नाहीतर प्रयोग यशस्वी आणि मासे गेले अशी गत व्हायची. चोवीस तासांनी बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढं उन्हाचं. तळ्यातलं त्याहून जेवढं जास्त उतरलं तेवढं गळतीचं. कोईच्या तळ्यात हा फरक पाण्याच्या बिलापुरता नसतो. रोज दोनशे-तीनशे लिटर नळाचं पाणी ओतावं लागलं की त्याबरोबर रोज क्लोरीनही तळ्यात जातं, आणि क्लोरीनने माशांचे कल्लेही भाजतात आणि फिल्टरमधले जीवाणूही मरतात.

गळती आहे हे ठरलं की ती कुठे आहे ते बहुतेक वेळा पाणीच सांगतं. मासे दुसऱ्या टाकीत हलवायचे आणि पातळी उतरू द्यायची. ती जिथे येऊन थबकते त्याच उंचीवर कुठेतरी वाट असते. कधी ती पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरच्या तोंडाची कड असते, कधी परतीचा पाइप भिंतीतून आत येतो ती जागा असते. पाणी पार तळापर्यंत उतरलं तर संशय भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यावर, किंवा मध्यावर बसवलेल्या निचऱ्याच्या पाइपवर घ्यायचा. सलग भिंतीच्या मधोमध गळणारी तळी थोडी. गवंड्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं, म्हणून तो आधी कोपऱ्यात वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारतो आणि मग गिलाव्याला हात घालतो. तळी सांध्यांत गळतात हे लक्षात ठेवलं की फवारून बसवायच्या अस्तराची जाहिरात का भुरळ घालते ते कळतं. शिवण नाही, घडी नाही, जोड नाही, असं ती सांगते, आणि ते खरंच आहे. पण त्याने सांधा संपत नाही, तो पसरतो. लेप आणि काँक्रीट जिथे एकमेकांना भेटतात तो सगळा पृष्ठभाग, आपल्या उदाहरणातले ३३ चौरस मीटर, हाच एक अखंड सांधा होऊन बसतो. लेप टिकणार की सुटणार हे त्या सांध्यावर ठरतं. ड्रममधल्या रसायनावर त्या मानाने फार कमी अवलंबून असतं, आणि घरमालकाची चौकशी मात्र बहुधा ड्रमबद्दलच असते.

ज्या देशात कोईची पैदास सुरू झाली तिथे हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सुटला होता. जपानच्या नीगाता प्रांतात, यामाकोशी आणि ओजियाच्या डोंगराळ गावांत, भातखाचरांच्या पाण्यासाठी केलेल्या तळ्यांमध्ये लोक खाण्यासाठी मासे पाळत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतल्या काही माशांच्या अंगावर रंग दिसू लागले, ते निवडून वाढवले गेले, आणि १९१४ च्या टोकियोमधल्या प्रदर्शनात हे रंगीत मासे सगळ्या जपानसमोर आले. आजही तिथले पैदासकार उन्हाळ्यात मासे चिकणमातीच्या तळ्यांत सोडतात आणि थंडीच्या आधी बाहेर काढून घरातल्या काँक्रीटच्या हौदांत ठेवतात. मातीच्या तळ्याला वेगळं अस्तर लागत नाही, माती हेच अस्तर. पण तिचंही नातं जमिनीशी असतं. ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीच्या डोंगरउतारांवरची कितीतरी तळी दरडींबरोबर फुटली आणि मासेही गेले. परसातल्या तळ्याला मात्र मातीचा मार्ग जवळजवळ बंदच आहे. कोई हा तळ उकरत खाणारा मासा, त्यामुळे पाणी कायम गढूळ राहतं. शिवाय लहान जागेत खोली साधायची तर भिंती उभ्या हव्यात, आणि उभ्या भिंतीवर चिकणमाती टिकत नाही. महाराष्ट्रातल्या मातीच्या धरणांच्या पोटात काळ्या मातीचा गाभा पाणी अडवतो हे खरं, पण त्याला दोन्ही बाजूंनी मुरमाचा जाड भराव धरून ठेवतो. तेवढी जागा बंगल्याच्या मागे कुणाकडे असते?

दुसरा मार्ग ताडपत्रीसारख्या अस्तराचा. शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरतात तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. कोईच्या तळ्यासाठी त्यातलाच वरचा प्रकार म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचं ईपीडीएम रबर. शेततळं उतरत्या बाजूंचं आणि ऐसपैस असतं, त्यात कागद सपाट बसतो. उभ्या भिंतींच्या चौकोनी हौदात त्याच रबराच्या प्रत्येक कोपऱ्याला घडी पडते. घडीमागे गाळ साचतो, तिथे प्राणवायू पोहोचत नाही, आणि माशांना अपायकारक जीवाणूंना आयतं घर मिळतं. मूत्रपिंडाच्या किंवा आठच्या आकड्याच्या आकाराचं तळं असेल तर घड्यांची चुणीदार झालरच होते. फवाऱ्याच्या बाजूने सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे. शिल्पासारखे दगड, गोलाई, पायऱ्या, पाइपांची तोंडं, कशावरही लेप साच्यासारखा बसतो. ज्यांचं तळं साधं आयताकृती आहे त्यांना या गुणाचा उपयोग निम्माच, आणि कोपऱ्यांवर गरम जोड देऊन मापाचं शिवलेलं रबर मिळत असेल तर त्यांनी फवाऱ्याच्या मागे लागू नये, असं मला वाटतं.

हा लेप बहुधा पॉलियुरियाचा असतो. त्याचा थोरला भाऊ पॉलियुरेथेन. तो ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये शोधला. (बायर या कंपनीच्या संस्थापक घराण्याशी त्याचं नातं नव्हतं, आडनाव तेवढं एक.) पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट आणि पॉलिओल यांची गाठ पडते. पॉलियुरियामध्ये पॉलिओलच्या जागी अमाइन येतं, आणि त्या एका बदलाने सगळा वेग पालटतो. अमाइन आणि आयसोसायनेट एकमेकांना इतक्या झपाट्याने धरतात की मिश्रण काही सेकंदांत घट्ट होतं. त्यामुळे ते भांड्यात कालवून ब्रशने लावता येत नाही. दोन ड्रममधले दोन द्रव यंत्राने ६५ ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, १५० ते २०० बार दाबाने, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या सत्तर ते नव्वद पट दाबाने, वेगवेगळ्या नळ्यांतून बंदुकीपर्यंत आणतात, आणि बंदुकीच्या तोंडाशी असलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कप्प्यात ते एकमेकांवर आदळून मिसळतात. भिंतीवर पडेपर्यंत तो द्रव, ओघळ यायच्या आत रबर. अमेरिकेत टेक्साको केमिकल कंपनीत डडली प्रिमो आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र उभं केलं. ट्रकच्या हौद्यापासून रसायनांच्या टाक्यांपर्यंत ते पसरलं आणि मग तळ्यांकडे वळलं. दोन मिलिमीटर जाडी धरली तर आपल्या ३३ चौरस मीटरला ६६ लिटर माल लागतो, वाया जाणारा वेगळा. फवारणी एका दुपारीत उरकते. तयारीला आठवडे लागतात, आणि नेमकी तीच कोटेशनमध्ये एका ओळीत गुंडाळलेली असते.

तयारी म्हणजे आधी पाण्याशी हिशेब. आयसोसायनेटला अमाइन जितकं आवडतं त्याच्या खालोखाल पाणी आवडतं. पाण्याशी भेट झाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. गादीचा फोम फुगतो तो याच क्रियेने, तिथे पाणी मुद्दाम मिसळतात. तळ्यात हा फुगवटा कुणालाच नको असतो. पॉलियुरियाचा वेग इथे उपयोगी पडतो, पाण्याला संधी मिळायच्या आत अमाइन काम आटोपतं; म्हणूनच ओलसर हवेतही त्याची फवारणी चालते असं सांगतात. पण हवा ओलसर असणं वेगळं आणि भिंत ओली असणं वेगळं. ओल्या भिंतीवर लेप फुगणार नाही कदाचित, पण तो भिंतीला धरणार नाही. भिंतीच्या छिद्रांत पाणी बसलेलं असेल तर लेपाला आत शिरायला जागाच उरत नाही, आणि तेवढ्या सेकंदांत तो वाट बघत थांबतही नाही. भराभर घट्ट होण्याचा गुण इथे उलटतो. सावकाश वाळणारा रंग काँक्रीटच्या बारीक रंध्रांत झिरपू शकतो, पॉलियुरिया वरच्यावर गोठतो. म्हणून मध्ये प्रायमर हवा. तो पातळ असतो, हळू वाळतो, रंध्रांत उतरून खिळतो, आणि लेप मग त्याला धरतो. प्रायमर वगळून केलेली स्वस्त फवारणी पहिल्या वर्षी हुबेहूब चांगल्या फवारणीसारखीच दिसते.

हवेचाही असाच हिशेब आहे. काँक्रीट दगडासारखं दिसलं तरी त्याच्या पोटात हवा असते. सकाळी गार असलेली भिंत दुपारी तापते तेव्हा ती हवा प्रसरण पावते. २० अंशांवरून ४५ अंशांवर गेलेली हवा साधारण साडेआठ टक्के फुगते, आणि नुकत्याच फवारलेल्या लेपातून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडून बाहेर येते. म्हणून जाणते कारागीर भिंत तापत असताना फवारत नाहीत. ऊन कलल्यावर, भिंत निवू लागली की बंदूक हातात घेतात, तेव्हा भिंत हवा बाहेर टाकण्याऐवजी लेप आत ओढते. पण फार उशीर झाला की दव पडायला लागतं. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर असलं पाहिजे, हा या धंद्यातला सगळीकडे पाळला जाणारा नियम. या दोन मर्यादांच्या मधल्या काही तासांत काम बसवावं लागतं. भोकं राहिली की नाही ते डोळ्यांनी नेहमी दिसत नाही. त्यासाठी लेपावरून उच्च दाबाच्या विजेचा ब्रश फिरवतात, आणि जिथे भोक असेल तिथे खालच्या काँक्रीटकडे ठिणगी उडते. ठेकेदाराकडे हे उपकरण आहे का, एवढं विचारलं तरी त्याच्या कामाचा बराच अंदाज येतो.

तिसरा हिशेब सायीचा. ताज्या काँक्रीटवर किंवा घोटलेल्या गिलाव्यावर सिमेंट आणि पाण्याची एक पातळ, गुळगुळीत साय येते. दिसायला ती सुरेख, हाताला मऊ, आणि जोराच्या बाबतीत खडूसारखी. लेप तिला घट्ट धरतो, पण ती साय खालच्या काँक्रीटला धरून नसते, म्हणून लेप सायीसकट सुटतो. गवंडी दुसऱ्या थराआधी भिंतीला टाच्या मारतो त्यामागे हीच समजूत आहे. तळ्यात ती साय यंत्राने घासून किंवा लोखंडी कणांच्या माऱ्याने काढतात, खालची खडी थोडीशी डोकावेपर्यंत. आपल्याकडे स्वस्त उपाय म्हणून ॲसिड मारतात. त्याने साय जाते खरी, पण ॲसिड आणि चुना मिळून झालेले क्षार नीट धुतले नाहीत तर लेपाखाली राहतात. कुठलाही प्लास्टिक लेप शंभर टक्के अभेद्य नसतो, पाण्याची वाफ सावकाश आत जातेच. क्षार ती ओढून घेतात, विरघळतात, आणखी पाणी ओढतात. महिन्यांनी लेपावर टपोरा फुगा दिसतो, टाचणी टोचली तर आतून पाणी येतं, आणि मालकाला वाटतं अस्तर फाटलं. अस्तर शाबूत असतं. त्याच्याखालचा सांधा गेलेला असतो.

इथे कुणी हिशेब मांडून आक्षेप घेईल. चांगल्या लेपाची पकड तपासताना ५० मिलिमीटर व्यासाची धातूची चकती त्यावर चिकटवून यंत्राने ओढतात. दीड मेगापास्कल पकड असेल तर ती एक चकती उपटायला सुमारे ३०० किलोचा जोर लागतो. उलट तळं रिकामं असताना बाहेरच्या जमिनीत मीटरभर उंच पाणी साचलं, तर तेवढ्याच जागेवर ते मागून जेमतेम २ किलोने ढकलतं. मग ओलीची, सायीची, क्षारांची एवढी चिंता कशाला? हिशेब बरोबर आहे, फक्त तो सरळ ओढण्याचा आहे. खोक्यावरची चिकटपट्टी सरळ वर ओढून निघत नाही. कोपरा नखाने उचलला की तीच पट्टी सरसर सुटत येते. लेपाचंही तसंच. सगळीकडे पकड असताना दोन किलो काही करू शकत नाहीत. पण रुपयाएवढी जागा मुळातच न चिकटलेली असेल तर पाणी तिथे फुगा धरतं, आणि फुग्याच्या काठाशी लेप सरळ ओढला न जाता सोलला जातो. सगळा जोर एका रेषेवर येतो. म्हणून सरासरी पकड किती याला फारसा अर्थ नाही, सर्वांत वाईट जागेची पकड किती याला आहे. ३३ चौरस मीटरमधला एखादा ओला कोपरा पुरतो.

पकडीचा दुसरा फायदा सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. दीड मीटर खोलीवर १ मिलिमीटरचं मोकळं भोक असेल तर त्यातून दिवसाला दोनशे लिटरच्या वर पाणी जाऊ शकतं. आपल्या तळ्यात तो सुमारे १८ मिलिमीटरचा उतार झाला, म्हणजे मे महिन्यातल्या बाष्पीभवनाच्या जवळजवळ दुप्पट. सैल अंथरलेल्या रबराला भोक पडलं तर पाणी मागे शिरतं, अस्तर आणि भिंत यांच्यामधून कुठेही पसरतं, आणि तळ्यात जिथे तडा असेल तिथून निघून जातं. भोक एका टोकाला, ओल दुसऱ्या टोकाला. घट्ट चिकटलेल्या लेपात मात्र भोकाच्या मागे लगेच काँक्रीट असतं, पाण्याला आडवं सरकायला जागा नसते. भोक नेमकं तड्यावर पडलं नसेल तर गळती जवळजवळ होतच नाही. याचा अर्थ असा की पकड गेलेला लेप हा फक्त महागडा, मापाचा शिवलेला ताडपत्रीचा तुकडा उरतो, त्यात शिवण नसली तरी.

आता लवचीकपणाकडे वळू, कारण माहितीपत्रकात सर्वांत मोठ्या टायपात छापलेला आकडा त्याचा असतो. लेप ३०० किंवा ४०० टक्के ताणला जातो, म्हणून तड्यांची काळजी नको, असं वाचणाऱ्याच्या मनात ठसतं. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांना हा मुद्दा जवळचा आहे. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर टेकलेल्या तळ्याचा तडा मे महिन्यात उघडतो, ऑगस्टमध्ये मिटतो. पण आकड्याचा अर्थ नीट पाहू. समजा, तडा अजून मिटलेला आहे आणि लेप त्याच्या दोन्ही काठांना पूर्ण चिकटलेला आहे. आता तडा अर्धा मिलिमीटर उघडला. ताणायला लेपाची किती लांबी मोकळी आहे? जवळजवळ शून्य. शून्य लांबी अर्धा मिलिमीटर ताणायची तर कोणत्याही टक्क्यांत ते बसत नाही. प्रत्यक्षात लेप तुटत नाही याला दोन कारणं: त्याची स्वतःची जाडी ताण वाटून घेते, आणि तड्याच्या काठाशी तो थोडासा सुटतो. दोन्ही बाजूंना मिलिमीटर-मिलिमीटर सुटला की दोन मिलिमीटरची मोकळी पट्टी मिळते, आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे फक्त २५ टक्के ताण. म्हणून पातळ लेप तड्यावर फाटतो आणि दोन मिलिमीटरचा टिकतो. म्हणूनच जिथे सांधा हलणार हे आधीच माहीत आहे, तिथे त्यावर आधी मुद्दाम अशी पट्टी चिकटवतात, जिच्यावर लेप चिकटणार नाही. ३३ चौरस मीटर जिवापाड चिकटवायचे आणि दोन बोटं रुंदीची पट्टी जाणूनबुजून मोकळी सोडायची. पट्टी कुठे मारणार हे ज्या ठेकेदाराला सांगता येत नाही त्याने तळं नीट पाहिलेलं नाही.

आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न असा की गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा वीस-पंचवीस वर्षं टिकतो, मग तळ्याला हे परदेशी रबर का? कोब्याचं बळ उतारात आणि जाडीत आहे. गच्चीवर पाऊस पडतो, उतारावरून जातो, मधल्या दिवसांत ऊन त्याला वाळवतं. तळ्यात चोवीस तास, बारा महिने पाणी उभं असतं, आणि त्याला निघून जायला उतार नाही. तरीही या प्रश्नात तथ्य आहे. सळयांचं, एकसंध ओतलेलं, नीट पाणी मारलेलं आरसीसी तळं मुळातच फारसं गळत नाही. त्यातले केसासारखे तडे पाण्यातला चुना साचून आपोआप मिटतातही. अशा तळ्याला ब्रशने लावायचा सिमेंट-पॉलिमरचा लेप पुरतो, आणि तो थोड्या ओल्या पृष्ठभागावरच लावायचा असतो, हा त्याचा मोठा गुण. फवारणीची गरज आहे ती वेड्यावाकड्या आकाराला, हलणाऱ्या जमिनीला, विटांच्या भिंतीला. लहान तळ्याला ती परवडतही नाही, कारण यंत्र, जनरेटर, तीन माणसं दारात आली की तळं दहा चौरस मीटरचं असो की शंभर, येण्याचा खर्च तेवढाच.

माशांना हे रसायन बाधेल का, ही भीती रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी धरली जाते. फवारताना हवेत उडणारं आयसोसायनेट धोक्याचं खरं. ते छातीत गेलं तर कारागिराला कायमचा दमा जडू शकतो, म्हणून त्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हवा, रुमाल नव्हे. १९८४ मध्ये भोपाळला जो मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला तो याच कुळातला. लेपात वापरतात ते एमडीआय नावाचं आयसोसायनेट त्या मानाने फारच कमी उडणारं, तरी कूळ तेच. पूर्ण प्रमाणात मिसळून घट्ट झालेला लेप मात्र पाण्यात जवळजवळ काही सोडत नाही. धोका असतो प्रमाण बिघडल्याचा. एक ड्रम गार राहिला, द्रव जाड झाला, एका पंपाने कमी ओढलं, की लेपात न जुळलेलं अमाइन शिल्लक राहतं; तो भाग नखाला चिकट किंवा ठिसूळ लागतो. असा भाग कापून पुन्हा करायचा, आणि मासे सोडण्याआधी तळं एकदा भरून रिकामं करायचं. लेप नसलेलं ताजं सिमेंट याहून किती वाईट असतं हे लोक विसरतात. सिमेंटच्या रंध्रांतल्या चुन्याच्या पाण्याचा सामू १२ च्या वर असतो. तो झिरपून तळ्याचा सामू चढला की माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया जास्त विषारी रूप घेतो. २५ अंशांना सामू ७ असताना त्यातला सुमारे अर्धा टक्का विषारी असतो, ८ ला पाच टक्के, ९ ला ३६ टक्के. अमोनिया तेवढाच, पण सामू दोनने चढला की विष साठपटीहून अधिक. काँक्रीट आणि पाणी यांच्यामधला पडदा म्हणून लेपाचं हे काम गळती थांबवण्याइतकंच मोलाचं आहे, आणि पडदा चिकटलेला असेल तोवरच ते चालतं.

पकडीच्या या सगळ्या अटींवरून फवारणीचा मुहूर्त ठरतो. कोकणात किंवा ओढ्याकाठी पावसाळ्यात जमिनीतलं पाणी तळ्याच्या तळाच्या वर येतं, आणि त्या दिवसांत तळं रिकामं करणं म्हणजे लेपाला मागून ढकलायला पाण्याला बोलावणं. घाटमाथ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, जमिनीतलं पाणी उतरलेलं, हवा कोरडी, कोई गारव्यात कमी खाणारे आणि टाकीत सोसणारे. नवं काँक्रीट असेल तर २८ दिवस तरी झालेले हवेत. लेपाची वरची कड भिंतीवर नुसती संपवायची नाही, तिथे चर कापून लेप त्यात उतरवायचा, म्हणजे सोलायला नख शिरणार नाही. आणि फवारणीच्या आदल्या संध्याकाळी तळाशी आणि भिंतीच्या खालच्या भागात हातभर लांबी-रुंदीचे पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायचे. सकाळी, यंत्राची गाडी दारात उभी असली, पैसे ठरलेले असले, तरी आधी खाली उतरून ते प्लास्टिक उचलायचं. आतल्या बाजूला थेंब असतील, किंवा खालचं काँक्रीट बाजूच्यापेक्षा काळसर दिसत असेल, तर त्या दिवशी बंदूक गाडीतच राहू द्यायची.